चार टक्के

कोरीन थिबोडो,
दुपारपासून तुझी फाइल माझ्या टेबलावर आहे.
बाहेर उणे एकोणीस. पार्किंगमधल्या गाड्यांना
बर्फानं एकाच मापाची टोपरी घातलीत.

निबंध तू बटाट्यांवर लिहिलायस.
तुमच्याकडे, मेनच्या पार वरच्या टोकाला,
काढणीसाठी शाळा तीन आठवडे बंद असते,
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक नव्हतं ते हे,
की पहाटेच्या अंधारात पट्ट्यावरून येणारा दगड
आणि बटाटा सारखेच दिसतात;
हाताला तेवढं कळतं, दगड जास्त गार असतो.
या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली.
अठरा वर्षांत अशा रेघा फार मारल्या नाहीत.

तीन वाजता मेल आली.
नाव नाही, गाव नाही. मजकूर एवढाच :
तुम्हाला हे माहीत असायला हवं.
खाली तुझ्या जुन्या पोस्टचा स्क्रीनशॉट.

तू तेव्हा पंधराची.
वर्गातली कुणी मुलगी, तिच्या कोटाचा वास,
तिची आई रात्री कुठं कामाला जाते –
तू जे लिहिलंस ते मी इथं उतरवत नाही.
बत्तीस जणांना आवडलं होतं.
कोपऱ्यात वेळ, दोन वाजून तेरा मिनिटं.
बॅटरी, चार टक्के.

मला वाटलं, चार्जर शोधायला उठली असती पोरगी
तर तेवढ्यात झोप लागली असती,
बटण दाबायचं राहून गेलं असतं.
मी तुझी बाजू घ्यायला लागलो होतो, कोरीन.

मलाही कुणी पकडलं नव्हतं म्हणून.
सत्त्याऐंशी साली आइस रिंकच्या मागच्या भिंतीवर
आर्मांड पेल्कीबद्दल मी दोन शब्द लिहिले, हातभर उंचीचे.
सोमवारी शिपायानं त्यावर हिरवा रंग फासला
आणि मी इथवर आलो, टाय लावून.
आर्मांडचं आता खिळे-मोळ्यांचं दुकान आहे.
सुटे पैसे तो माझ्या हातात देत नाही,
काउंटरवर ठेवतो.
इतकी वर्षं मी समजत होतो, ती त्याची सवय.

मग पोस्टखालची बारीक अक्षरं दिसली :
एक्केचाळीस मिनिटांपूर्वी.

म्हणजे दोन तेरा ही तुझी वेळ नव्हे.
ते चार टक्केही तुझे नव्हेत.
तू तोवर झोपली असशील.
जागं दुसरंच कुणी होतं.
विझत आलेला फोन हातात धरून
तिनं (ती तीच असेल का?) ते जपून ठेवलं,
अडीच वर्षं,
फोन बदलला असेल तर नव्या फोनमध्येही नेलं.

गुरुवारी समितीची बैठक.
विनिफ्रेड म्हणेल, पोरवय आहे, सोडा.
डेरोझिए म्हणेल, उद्या हॉस्टेलच्या खोलीत
असाच कोट घालणारी कुणी शेजारी आली तर?
दोघंही बरोबर बोलतील, हीच पंचाईत.
आपण होऊन कुणाच्या भिंती चाळायच्या नाहीत,
असा आमचा नियम. दारात आणून टाकलेल्याचं काय,
त्यावर नियम गप्प आहे.
थेंबानं गेलेली हौदानं येत नाही म्हणतात.
पण सतराव्या वर्षी हौद कितीसा भरलेला असतो?

तुला पत्र लिहायला घेतलंय.
हे आमच्याकडे आलंय, तुझं म्हणणं कळव.
माफीचे निबंधही हल्ली विकत मिळतात,
कुणाकडून घेऊ नकोस.
मला हात लावून बघायचाय, गार किती लागतं ते.

आणि दुसरं पत्र,
जे आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही.
त्या मेलला उत्तराची चौकट उघडून बसलोय.
पाच वाजले. इमारतीतले दिवे आपोआप विझतायत.
मायना सुचत नाही.